डिफेन्स कसा लावायचा: बुद्धिबळापासून पीएचडीच्या व्हायवापर्यंत

डिफेन्स म्हटलं की डोळ्यासमोर पहिली येते ती भिंत, जाड, उंच, आत मुंगीसुद्धा शिरणार नाही अशी. आणि मग विषय सैन्याचा असो, कोर्टाचा, कॉम्प्युटरचा नाहीतर तोंडी परीक्षेचा, माणूस तीच भिंत बांधायला घेतो, चारी बाजूंनी सारख्याच जाडीची, त्यात सगळी ताकद घालवतो आणि जिथून मार बसायचा तिथून बसतोच. मला विचाराल तर डिफेन्स करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे काय गेलं तरी चालेल ते ठरवून टाकणं, आणि दुसरं काम म्हणजे जे अजिबात जाऊ द्यायचं नाही त्याच्यासाठी वेळ काढत राहणं. भिंती, कुलपं, वकील, लसी ही सगळी या दोन कामांची हत्यारं. उदाहरणं मी इकडची तिकडची घेतलीत पण पद्धत एकच आहे, तुम्ही तुमच्या कामाला लावून बघा.

काय गेलं तरी चालेल?

पालीपासून सुरू करू, कारण तिच्याइतका रोखठोक हिशोब कोणी करत नाही. शिकाऱ्याने शेपटी धरली की ती शेपटी तोडून टाकते, तुटलेला तुकडा जमिनीवर वळवळत राहतो, समोरच्याचं सगळं लक्ष तिकडे आणि पाल पसार. फुकटात नाही होत हे, शेपटीत चरबीचा साठा असतो तो जातो, नवी शेपटी उगवते पण तिच्यात मणक्यांच्या जागी कूर्चेची दांडी असते. तरी सौदा फायद्याचा, सर सलामत तो पगडी पचास.

माणसांनी हेच गाडीत केलं. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित अशी जुनी समजूत होती, आणि मर्सिडीजमध्ये काम करणाऱ्या बेला बारेन्यी या इंजिनिअरने १९५० च्या दशकात ती उलटी केली: पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा ठेवायचा, माणसं बसतात तो मधला डबा तेवढा कडक करायचा. पत्रा चुरगळायला जो सेकंदाचा छोटासा तुकडा जास्त लागतो ना, तेवढ्यात धक्क्याचा जोर पसरतो आणि माणसाच्या मानेपर्यंत पोचतो तो बराच कमी होऊन. म्हणजे बघा, बॉनेट दिलं आणि वेळ घेतला. विजेचा फ्यूजही तसाच, सगळ्यात कमजोर तार मुद्दाम अशा जागी ठेवतात की जळायचंच असेल तर ती जळावी.

मग करायचं काय, तर कागदावर दोन याद्या करा. एकीत "हे गेलं तर खेळ खलास" आणि दुसरीत "हे गेलं तर दुखेल, पण निभेल". पहिल्यांदा करताना प्रत्येकजण सगळंच पहिल्या यादीत कोंबतो. तसं झालं असेल तर यादी झालीच नाही असं समजा आणि खोडायला घ्या, खोडताना जीव वर येतो पण खरा डिफेन्स तिथेच सुरू होतो.

बुद्धिबळात हे फार उघडं दिसतं. तुमच्या सोंगटीवर हल्ला आला की पर्याय मोजकेच असतात: ती हलवा, हल्ला करणारी सोंगटी मारा, मध्ये काहीतरी घाला, तिला जोर लावा म्हणजे मारलं तर परत मारता येईल, नाहीतर तिला तशीच सोडून समोरच्याच्या त्याहून मोठ्या सोंगटीवर जा. नवशिके नेहमी पहिलाच पर्याय घेतात, पळतात. चांगले खेळाडू शेवटचा पर्याय आधी तपासतात, कारण तो जमला तर समोरच्याला उत्तर देत बसावं लागतं.

नवशिक्यांना चार चालीत मात करायचा तो प्रसिद्ध डाव घ्या. पांढऱ्याचा वजीर लवकर बाहेर येऊन तुमच्या राजाच्या बाजूच्या उंटासमोरच्या प्याद्यावर डोळा ठेवतो, त्या प्याद्याला राखायला राजाशिवाय कोणी नाही, आणि पांढऱ्याचा उंटही आधीपासून त्याच प्याद्यावर नेम धरून आहे. घाबरून माणूस वजीराला हुसकावायला घोडा काढतो आणि त्याच चालीला मात बसते, कारण त्या घोड्याने प्याद्याला काही जोर मिळतच नाही. उत्तर साधं आहे, घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे ढकला, वजीराची वाट बंद होते आणि त्यालाच हलावं लागतं (तुमचा दुसरा घोडा आधी बाहेर आलेला हवा, नाहीतर मधलं प्यादं जातं). वजीर मागे सरून पुन्हा त्याच प्याद्याकडे बघायला लागला की आता घोडा काढा, तो बरोबर मध्ये येतो. म्हणजे तोच घोडा आधी काढला तर मेलात आणि एक चाल नंतर काढला तर डाव तुमच्याकडे झुकायला लागतो.

आणि वरच्या पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर २००० सालची लंडनमधली क्रॅमनिक विरुद्ध कास्पारोव्ह मॅच बघा. कास्पारोव्ह तेव्हा जगातला सगळ्यात धोकादायक अटॅकर. क्रॅमनिकने काळ्या सोंगट्यांनी बर्लिन डिफेन्स काढला, जुना आणि काहीसा विसरला गेलेला. त्यात आठव्या चालीपर्यंत दोघांचे वजीर पटावरून जातात, काळ्या राजाला कॅसलिंग (म्हणजे हत्तीच्या आडोशाला जाणं) करता येत नाही, प्यादी एकावर एक येऊन विद्रूप होतात. दिसायला भिकार पोझिशन. पण कास्पारोव्हची सगळी आग वजीरासकटच्या डावात होती आणि तोच वजीर पटावर नाही म्हटल्यावर हल्ला करणार कशाने. पंधरा डावात कास्पारोव्हला एकही जिंकता आला नाही, क्रॅमनिक दोन जिंकला, तेरा बरोबरीत, कास्पारोव्हचं विश्वविजेतेपद गेलं. क्रॅमनिकने सोडलं काय तर दिसणं आणि कॅसलिंग. जिंकणाऱ्याचा डाव सुंदर दिसलाच पाहिजे असा नियम कुठेय?

कोणापासून वाचवायचंय?

हे न ठरवता केलेला डिफेन्स म्हणजे हवेत तलवार. मिरचीचं झाड हे काम किती नेमकं करतं बघा. मिरचीतलं कॅप्सेसिन तिखट लागतं सस्तन प्राण्यांना, जे दाढांनी चावून बियांचा चुरा करतात. पक्ष्यांना ते तिखट जाणवतच नाही, ते फळ गिळतात आणि बिया अख्ख्या दूरवर नेऊन टाकतात. म्हणजे दार एकाला बंद आणि दुसऱ्याला उघडं, आणि तेही पहारेकरी न ठेवता. तुमच्या ऑफिसच्या सिस्टीमवर सुरक्षा बसवताना हा प्रश्न आधी विचारा की ज्यांना आत यायलाच हवंय त्यांना किती त्रास होतोय. जास्त झाला तर तेच लोक मागचं दार काढतात. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावलात की तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडतो.

इथे मॅजिनो लाईनचं उदाहरण सगळे देतात आणि बरेचदा अर्धवट देतात. फ्रान्सने जर्मनीच्या सीमेवर तटबंदी बांधली, १९४० मध्ये जर्मन फौज आर्देनच्या जंगलातून आली आणि सगळं कोसळलं, म्हणून भिंत बांधणं मूर्खपणा असं सांगितलं जातं. पण त्या भिंतीने तिचं काम केलं होतं, जर्मनांना तिच्यावर समोरून डोकं आपटायचं नव्हतं म्हणून तर ते वळसा घालून आले. चूक झाली ती पुढे. भिंतीमुळे जे सैन्य मोकळं राहिलं त्यातलं चांगलं सैन्य बेल्जियमकडे धावलं आणि आर्देनसमोर कमजोर तुकड्या ठेवल्या, कारण रणगाडे त्या जंगलातून इतक्या लवकर येणार नाहीत असं धरून चालले होते. भिंत बांधली की शत्रू कुठून येईल हे तुम्ही अर्धं ठरवून टाकलेलं असतं. उरलेलं अर्धं, म्हणजे तो जिथून येईल तिथे कोण उभं आहे, ते बघायला विसरू नका.

अब्राहम वाल्डचं विमानांचं प्रकरणही इथलंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बॉम्बर विमानांना जादा चिलखत कुठे लावावं हा प्रश्न होता, परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत ते दिसत होतं, साहजिकच वाटतं तिथेच लावावं. वाल्ड संख्याशास्त्रज्ञ होता, त्याचा विचार असा की ही तर परत आलेली विमानं आहेत, म्हणजे या जागी गोळ्या लागूनही विमान तगतं. भोकं जिथे कमी दिसतात, जसं इंजिन, तिथे लागलेली विमानं परत आलीच नाहीत. तेव्हा तुमच्या तक्रारींच्या रजिस्टरमध्ये जे नेहमी नेहमी येतं त्याच्यावरच सगळा जोर लावू नका, त्या तक्रारी येतात कारण त्यातून लोक वाचून तक्रार करायला उरतात.

थर आणि वेळ

एकच भिंत कितीही भारी असली तरी ती पडते त्या दिवशी सगळं पडतं. कॉन्स्टँटिनोपलची (म्हणजे आजच्या इस्तंबूलची) जमिनीकडची तटबंदी पाचव्या शतकात उभी राहिली: आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग तिच्याहून उंच आतली भिंत. जवळजवळ हजार वर्षं ती टिकली, १२०४ मध्ये शहर पडलं तेही समुद्राच्या बाजूने, आणि शेवटी १४५३ मध्ये मोठ्या तोफा आल्या तेव्हा ही बाजू फुटली. खंदकाने शत्रू मरत नाही हो, तो हळू होतो, आणि हळू झालेल्यावर वरून मारा करता येतो. किल्ल्याचा गोमुखी दरवाजा तसाच. दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेला, वाट वळणावळणाची, त्यामुळे हत्तीला धडक मारायला लागणारी धाव मिळत नाही आणि वळणावर अडकलेल्यांवर दोन्ही बाजूंनी दगड-गोळ्या. एक वळण, बाकी काही नाही, पण हल्ल्याचा वेगच गेला.

रशियातल्या कुर्स्कला १९४३ च्या जुलैमध्ये सोव्हिएत सैन्याने हेच प्रचंड प्रमाणावर केलं. हल्ला येणार हे त्यांना आधीच कळलं होतं, महिनोन्महिने खंदक, सुरुंग, रणगाडाविरोधी तोफा असे एकामागे एक पट्टे तयार केले. ५ जुलैला जर्मन हल्ला सुरू झाला, पहिले पट्टे फुटले, ते फुटणारच होते, पण उत्तरेकडची धडक आठवडाभरात रुतली आणि १२ जुलैला तिकडूनच सोव्हिएत प्रतिहल्ला निघाला. पहिला पट्टा फुटला म्हणून कोणी बोंब मारली नाही, कारण तो फुटण्यासाठीच होता.

आपलं शरीरही थरांनीच चालतं. कातडी, नाकातला चिकट पदार्थ, पोटातलं ॲसिड हा पहिला थर. तो ओलांडला की काही तासांत पांढऱ्या पेशी धावून येतात, त्या समोरचा कोण ते फारसं बघत नाहीत, परका दिसला की झोडपतात. खरं नेमकं हत्यार, म्हणजे त्या विशिष्ट जंतूसाठीच्या अँटीबॉडी, तयार व्हायला पहिल्यांदा आठवडाभर किंवा जास्त लागतो. मधला आठवडा आधीचे थर वेळ मारून नेतात. लसीचं सगळं गणित इथेच आहे, १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने एका मुलाला गायीच्या देवीची लागण करून माणसांच्या देवीपासून वाचवलं, म्हणजे तो आठवडा आजार यायच्या आधीच खर्चून टाकला.

कॉम्प्युटरवाल्यांनी हे सगळं उचललंय आणि नावही सैन्याचंच ठेवलंय, डिफेन्स इन डेप्थ. सामान्य माणसाने इतकं केलं तरी पुष्कळ झालं: महत्त्वाच्या अकाउंटला पासवर्डशिवाय दुसरी पायरी लावा, म्हणजे ॲप किंवा सिक्युरिटी की, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, रोजचं काम ॲडमिन अकाउंटवरून करायचं नाही, अपडेट आलं की टाळाटाळ नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभर मशीन लॉक केली, ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, आणि ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. दोन महिने हातात होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

रस्त्यावर तर थर नसतात, नुसता वेळच असतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा, ते संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार चिकटून चाललाय. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेककडे पाय न्यायलाच एवढं अंतर संपून जाऊ शकतं. पाऊस असेल तर ते सेकंद दुप्पट करा. मध्ये कोणी घुसलं तर घुसू द्या, परत मागे सरा, तुमचं दहा-पंधरा मीटर गेलं त्यात मानहानी कसली.

वेळ कशासाठी काढतोय हे माहीत हवं, याला क्रिकेटसारखं उदाहरण नाही. २०१२ मध्ये ॲडलेडला फाफ डु प्लेसी पहिलीच टेस्ट खेळत होता, दक्षिण आफ्रिकेला ४३० हवे होते जे होणार नव्हते, मग त्याने ३७६ बॉल खेळून नाबाद ११० केल्या, एबी डिव्हिलियर्सने २२० बॉलमध्ये ३३, आणि ८ बाद २४८ वर मॅच ड्रॉ. तीन वर्षांनी दिल्लीत तोच प्रयत्न, हशीम अमला २४४ बॉलमध्ये २५, डिव्हिलियर्स २९७ बॉलमध्ये ४३, अख्खी टीम १४३ षटकं खेळून १४३ ला बाद आणि भारत ३३७ रनांनी जिंकला. दोन्हीकडे रन सोडून दिल्या होत्या आणि वेळ घेतला होता, एकदा तो पुरला आणि एकदा थोडक्यात पुरला नाही. दुसऱ्या वेळेला लोकांनी टिंगल केली, मला ती पटली नाही. हरायचंच होतं तर दुपारीच हरून काय मिळालं असतं?

फॉरवर्ड डिफेन्स कसा खेळायचा तेही सांगतो, कारण शिकवणारे फक्त "बॅट सरळ" म्हणून मोकळे होतात. डोकं बॉलच्या वर आणा, पुढचं कोपर उंच, बॅट आणि पॅडमध्ये फट नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचा हात सैल. घट्ट धरलेल्या बॅटला लागून बॉल सिली पॉइंटच्या हातात उडतो, सैल हातात तो पायाशी मरतो. बॅट पुढे ढकलू नका, बॉलला डोळ्याखाली येऊ द्या. फुटबॉलमध्येही बचावाचा पहिला धडा हाच निघतो, अंगावर येणाऱ्या खेळाडूवर झेप घेऊ नका, अर्धं तिरकं उभं राहून त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्या, तोवर तुमची माणसं मागे येतात.

कोर्टात

इथे बहुतेक लोकांची समजूत उलटी असते. फौजदारी खटल्यात आरोपीने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं नसतं, गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारी पक्षावर असतं, बचावाच्या वकिलाला त्या गोष्टीत वाजवी शंका उभी करता आली तरी पुरतं. त्यामुळे उलटतपासणीत हुशार वकील साक्षीदाराला खोटारडा ठरवायला जात नाही, तो विचारतो अंधार होता ना, चष्मा होता का, किती लांबून पाहिलंत. साखळीची एक कडी सैल झाली की झालं. तुम्हाला मात्र दोन गोष्टी पाळायच्या आहेत. वकिलाला सगळं खरं सांगायचं, नको असलेलंसुद्धा, कारण ते त्याला पहिल्यांदा कोर्टात विरोधी वकिलाच्या तोंडून कळलं तर संपलं. आणि बचाव एकच धरायचा. "मी तिथे नव्हतोच" आणि "मी मारलं पण स्वसंरक्षणासाठी" ही दोन्ही एकदम म्हणालात तर दोन्ही जातात.

स्वसंरक्षणाचे बारकावे देशागणिक वेगळे आहेत, पण गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच: धोका आत्ता, समोर असला पाहिजे, उत्तर त्या धोक्याच्या मानाने असलं पाहिजे, आणि धोका संपला की तुमचा हक्कही संपला. समोरचा पळायला लागला आणि तुम्ही मागे धावून त्याला गाठलंत की तिथून पुढे तुम्ही हल्लेखोर.

कंपन्यांच्या जगात न विचारता कंपनी ताब्यात घ्यायला येणाऱ्याला अडवायचा एक मजेशीर प्रकार आहे, पॉइझन पिल म्हणजे विषाची गोळी, मार्टिन लिप्टन या वकिलाने १९८२ मध्ये काढलेला. कोणी न विचारता ठराविक टक्क्यांपलीकडे शेअर गोळा केले तर बाकीच्या सगळ्या शेअरधारकांना स्वस्तात शेअर घेता येतात, गिळायला आलेल्याचा हिस्सा पातळ होतो. बहुतेकदा ती गोळी वापरावी लागतच नाही, ती आहे एवढं कळलं की समोरचा बोलायला येतो.

व्हायवा, म्हणजे थीसिस डिफेन्स

इथे विद्यार्थी अख्ख्या थीसिसला किल्ला समजतात आणि प्रत्येक वाक्यासाठी लढतात. तसं करू नका. तुमच्या कामात खरा बालेकिल्ला एक-दोन दाव्यांचाच असतो, बाकी सगळी माची. ते एक-दोन दावे एका कागदावर लिहा, त्याखाली लिहा की हे काम कुठे लागू होत नाही. ही दुसरी यादी तुम्ही स्वतः केली असेल तर परीक्षकाचे निम्मे प्रश्न आधीच तुमच्या कागदावर असतात.

समजा विचारलं, "एवढ्याशा नमुन्यावरून तुम्ही हा निष्कर्ष काढलाच कसा?"

वाईट उत्तर: "सर, या विषयात बऱ्याच लोकांनी एवढाच नमुना घेतलाय." आता पुढचे दहा मिनिटं त्या बऱ्याच लोकांबद्दल प्रश्न येणार.

चांगलं उत्तर: "बरोबर आहे सर, एवढ्या नमुन्यावरून सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणत नाही आणि शेवटच्या प्रकरणात तसं लिहिलंय. माझा दावा इतकाच की हा परिणाम असू शकतो आणि तो मोजायची ही पद्धत चालते. पद्धतीची तपासणी या पानावर आहे." माची सोडली, बालेकिल्ल्यात आलात, आणि परीक्षकाला पान उघडून दिलं. त्या पानांना आधीच चिठ्ठ्या लावून ठेवा.

प्रश्न कळला नाही तर आपल्या शब्दांत परत म्हणा, "तुम्हाला असं विचारायचंय का", त्यात विचार करायला वेळही मिळतो. खरंच माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि ते शोधायचं झालं तर कसं शोधाल ते सांगा. परीक्षकाला बहुतेकदा एवढंच बघायचं असतं की हे काम तुम्हीच केलंय ना आणि त्याच्या मर्यादा तुम्हाला कळल्यात ना.

मनाचा डिफेन्स

हा एकच डिफेन्स आपण न ठरवता लावतो, म्हणून तो पकडायला अवघड. ॲना फ्रॉइड या मनोविश्लेषकाने १९३६ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. नेहमी दिसणारे प्रकार म्हणजे नाकारणं, आपल्या मनातलं दुसऱ्याच्या माथी मारणं, कारणं रचणं, साहेबावरचा राग घरच्यांवर काढणं. हे प्रकार वाईटच असतात असं नाही. मोठा धक्का बसल्यावर थोडे दिवस "असं झालंच नाही" असं वाटणं माणसाला उभं ठेवतं, तोही वेळच. पुढे जॉर्ज व्हेलंट या मानसोपचारतज्ज्ञाने यात पायऱ्या लावल्या, विनोद करणं किंवा ती ऊर्जा कामात वळवणं हे पिकलेले बचाव, नाकारत राहणं हे कच्चे.

स्वतःचं ओळखायचं असेल तर उत्तर किती पटकन आलं ते बघा. कोणी साधी चूक दाखवली आणि त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुमच्या तोंडून "पण" निघालं, तर ते विचार करून आलेलं नाहीये. तेव्हा फक्त "बघतो" म्हणा आणि रात्री परत विचार करा. आणि दुसऱ्याचे बचाव ओळखता यायला लागले म्हणून त्याच्या तोंडावर "तू डिनायलमध्ये आहेस" असं फेकू नका, त्याने भिंत अजून जाड होते.

जास्त झालं की

काही जण दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात, आणि डिफेन्समध्ये हे महागात पडतं. ॲलर्जी म्हणजे शरीराने परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीवर तोफा डागणं, ते टोकाला गेलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो, आणि तेव्हा मारतो तो स्वतःचाच बंदोबस्त. टाइप १ मधुमेहात रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपवते, कुंपणच शेत खातं.

देशांमध्येही हा पेच आहे. मी माझ्या बचावासाठी क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा उभारली की शेजाऱ्याला दिसतं की आता हा मला मारू शकतो आणि माझा उलटा वार याला लागणार नाही, मग तो अजून क्षेपणास्त्रं बनवतो. म्हणून १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी चक्क बचावावरच मर्यादा घातली, प्रत्येकी दोनच जागी अशी यंत्रणा, १९७४ मध्ये ती एकावर आणली. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. ऐकायला विचित्र वाटतं, पण तीस वर्षं दोघांनी ठरवून स्वतःला थोडं उघडं ठेवलं होतं.

तुमच्या बाबतीत तपासायला प्रश्न असा विचारा: हा बंदोबस्त काढला तर काय बिघडेल आणि ठेवला तर रोज काय बिघडतंय. दुसरं उत्तर जड असेल तर काढा, त्यात कमीपणा नाही.

तालीम

शेवटचं काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. बॅकअपसाठी ३-२-१ चा नियम सगळ्यांना पाठ असतो, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पण त्यातली फाईल परत काढून उघडून बघणारे फार कमी, आणि ज्या दिवशी डिस्क जाते त्याच दिवशी कळतं की बॅकअप कधीचाच बंद पडलाय किंवा त्याचा पासवर्ड त्याच गेलेल्या मशीनवर होता. तेव्हा एखादी फाईल निवडा, ती हरवली असं समजा आणि दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखवा. व्हायवाची तालीम अशा मित्रासमोर करा ज्याला तुमचा विषय येत नाही पण प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, त्याला सांगून ठेवा की मध्येच तोडायचं, आणि तुम्ही कुठल्या प्रश्नाला चिडलात ते त्यालाच लिहून घ्यायला सांगा, कारण तुमचं तुम्हाला ते कळणार नाही.